रेषेच्या अलीकडे

जालना
८ जानेवारी २०२५

सत्ये,

फोन उचलत नाहीस, मेसेज पोचत नाही. तू मला ब्लॉक केलंस हे कळायला मी काही येडी नाही. म्हणून पोस्टाने लिहून राहिले. पाकिटाला ब्लॉक करता येत नाही. फाडता येतं म्हणा, पण आधी वाचल्याशिवाय तू फाडणार नाहीस, मला माहीत आहे.

मला फक्त एवढं सांग, तुझं बिनसलं काय?

रविवारी अंबडच्या ट्रॅकवर मी जिंकले. शेवटच्या फेरीत तू माझ्या कितीतरी पुढे होतीस, ते मी कुठे नाकारते? पण शेवटच्या वळणातून बाहेर आले तर काय बघते, तू रेषेच्या अलीकडे उभी. एक पाय जमिनीवर, मान मागे वळवलेली. मला वाटलं, गेली हिची गाडी बंद पडून. मी बाजूने भुर्रकन निघून गेले. आता मोटरसायकलच्या शर्यतीत एखादीची गाडी बंद पडते. माझी परतूरला पडली होती तेव्हा तू थांबली होतीस का माझ्यासाठी? नाही ना! मग मी जिंकले यात माझा काय गुन्हा?

आणि मी काय एकटीने मिरवलं? कप घेतल्यावर पहिल्यांदा तुझाच हात धरून वर करायला आले. तू तो असा हिसडला की माझा खांदा अजून दुखतोय. मग हेल्मेट उचललंस आणि चालती झालीस. आपले मेकॅनिक भागवत काका सांगत होते, तू रेसच्या कपड्यांवर, गुडघ्यांना पॅड बांधलेली, एस.टी.त चढलीस आणि कंडक्टरने तुला विचारलं, "ताई, नाटकाचं पथक कुठाय?" मला इतकं हसू आलं. नंतर रडूही आलं, पण ते जाऊ दे.

दोन वर्षं झाली आपल्याला पापांच्या टीममध्ये. प्रत्येक शर्यतीच्या आदल्या दिवशी तू वडीगोद्रीहून आमच्याकडे येतेस, दादीच्या हातची कढी चार वाट्या पितेस, माझ्या पलंगाचा खिडकीकडचा भाग बळकावतेस. आणि मी एकदा पुढे गेले तर एवढा राग? सत्ये, हे बराबर नाही.

मार्चमध्ये नाशिकच्या शिबिराला जिल्ह्यातून एकच मुलगी घेतात. आता मी जाईन. तिथे जे शिकवतील ते सगळं तुला येऊन सांगेन, अगदी फुकट.

ब्लॉक काढ.

चंचल


जालना
१३ जानेवारी २०२५

सत्यशीला,

आज तुला सत्ये म्हणायची हिंमत नाही.

काल आमच्याकडे पाहुणे आल्ते. पापांनी शर्यतीचा व्हिडिओ टीव्हीवर लावला. पापा म्हणजे कसे, तुला माहीत आहे. पाइपांचं दुकान असलं तरी पाहुण्यांना पाइप दाखवत नाहीत, लेकीचा कप दाखवतात. मी पण मधे उभी राहून वळण कसं घेतलं ते हातवारे करून सांगत होते. दादी कोपऱ्यात पापड वाळवून डब्यात भरत बसली होती. मधेच म्हणाली, "ही पोरगी का थांबली?"

म्हटलं, "दादी, गाडी बंद पडली तिची."

"बंद पडली? मग तू गेल्याबरोबर लगेच चालली कशी? किक तर मारली नाही तिने."

मी पुन्हा लावला. पुन्हा लावला. पाहुणे चहा पिऊन गेले तरी मी लावतच होते. तू थांबतेस. मागे बघतेस. मी जाते. तू गिअर टाकतेस आणि आरामात रेषा ओलांडतेस. आणि व्हिडिओ काढणाऱ्याने नेमका त्याआधी कॅमेरा बाजूला फिरवलाय, तिथे भागवत काका पांढरी पाटी धरून उभे आहेत. पाटीवर मोठ्या अक्षरात, "चंचल पुढे."

त्या दिवशी टाळ्या ऐकू आल्या नव्हत्या. मला वाटलं हेल्मेटमुळे. सत्यशीला, टाळ्या वाजल्याच नव्हत्या. लोक गप्प उभे आहेत आणि त्यांच्यासमोर मी, एखादी घोडी उधळावी तशी नाचून राहिलेय. एवढी लाज मला आयुष्यात वाटली नाही.

मी सरळ दुकानात गेले. पापा गिऱ्हाइकाला ठिबकच्या नळ्या दाखवत होते. मी विचारलं, "पापा, पाटी तुम्ही दाखवायला लावली?"

पापांनी खोटं नाही सांगितलं. म्हणाले, "हो. मग? दोन्ही गाड्या माझ्या, पेट्रोल माझं, मेकॅनिक माझा. दुकानात दोन काउंटर असले तर गिऱ्हाईक कुठल्या काउंटरला पाठवायचं ते मालक ठरवतो. याला टीमचा हुकूम म्हणतात, बेटा. मोठमोठ्या शर्यतीत सुद्धा चालतं. सत्यशीलाला मी सकाळीच सांगितलं होतं, पाटी दिसली की चंचलला पुढे जाऊ द्यायचं. घरची पोर आहे, घरचं ऐकलं तिने."

"आणि मला?"

"तुला सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?"

मी नाही म्हटलं. पापा म्हणाले, "म्हणूनच."

गिऱ्हाईक मधे उभं राहून ऐकत होतं. त्याला पण मजा येत असावी, नळ्या विसरून गेलं.

घरी जेवताना मी जेवले नाही. पापा दादीला म्हणाले, "आई, हिला समजाव जरा." दादीने त्यांच्या ताटात फुलका टाकला आणि म्हणाली, "पन्ना, चाळीस वर्षं झाली तुला गल्ल्यावर बसून. तुझ्या बापाच्या वेळचा तराजू होता, नंतर काट्याचं मशीन आलं. वजनात कधी हात मारलास का?"

"कधीच नाही. हे काय विचारणं झालं?"

"मग इथं का मारलास?"

पापांनी तो फुलका अर्धाच खाल्ला.

तुला वाटतं मला माहीत होतं. म्हणून तू हात हिसडलास. तुझ्या जागी मी असते तर हात हिसडून थांबले नसते, कपच फेकून मारला असता. पण मला खरंच माहीत नव्हतं. दादीची शपथ घेतली असती, पण ती म्हणते, माझ्या जिवावर शपथा घेऊ नको, मला अजून लोणचं घालायचंय.

चंचल


जालना
२० जानेवारी २०२५

सत्यशीला,

तुझं काही उत्तर नाही, पण पाकीट परतही आलं नाही. म्हणजे वाचतेस. मी पुढे लिहिते.

परवा कप गोणपाटात गुंडाळला, स्कूटीच्या पायाशी ठेवला आणि अंबडला सर्जेराव सरांच्या घरी गेले. शर्यत त्यांनीच भरवली, निकालावर सही त्यांची. शाळेत खेळ शिकवून रिटायर झालेत, पण आवाज अजून मैदानाएवढा. मी कप त्यांच्या ओट्यावर ठेवला.

"हे काय?"

"परत घ्या सर. हा माझा नाही."

सगळं सांगितलं. ते शेंगा सोलत ऐकत होते. मला म्हणाले, "पोरी, मी काय आंधळा हाये का? मी रेषेवरच उभा होतो."

"मग तुम्ही काही बोलला का नाही?"

"काय बोलू? नियमात कुठं लिव्हलंय का, की रेषेआधी थांबू नये? ज्याची गाडी, ज्याचा पाय. निकाल मला बदलता येत न्हाई."

"म्हणजे ही फसवणूक नाही?"

त्यांनी हातातली शेंग ओट्यावर ठेवली. मग म्हणाले, "दुपारभर लोक उन्हात उभे होते. बायका पोरं कडेवर घेऊन आल्त्या. कोण पळतंय जोरात ते बघायला आल्ते. त्यांना काय दाखवलं आपण? फसवणूक म्हण, न्हाईतर दुसरं काही म्हण. मला त्या दिवशी भाकर गोड लागली न्हाई."

मी म्हटलं, मग नाशिकला सत्यशीलाचं नाव पाठवा, मी लेखी देते की मी जात नाही. तर म्हणाले, तुझ्या लेखी देण्याने तिला काय मिळालं? तेच, तू सोडलेलं. त्यांच्या डोक्यात दुसरं होतं. नाव पाठवायला अजून महिना आहे. तोवर निवड चाचणी घेता येते, ते त्यांच्या हातात आहे. पहिली आणि दुसरी, दोघीच, त्याच ट्रॅकवर, सगळ्यांसमोर. जी पुढे येईल तिचं नाव जाईल. पण दोघींची कबुली पाहिजे.

माझी कबुली मी तिथेच दिली. कप त्यांनी ठेवून घेतला. मी निघाले तर मागून ओरडले, "आन तुझ्या बापाला सांग, पाटी घरी ठेवायची!"

आता तुझ्यावर आहे. मी तुला काही दान देऊन नाही राहिले. मी तुला आव्हान देतेय. जोरात पळणार आहे मी, बिलकुल सोडणार नाही.

चंचल


वडीगोद्री
२६ जानेवारी

चंचल,

मला लिव्हायचा कंटाळा हाये, तुला म्हाईत हाये. तरी लिव्हते.

तुला म्हाईत नव्हतं हे मला पटलं. तुझ्या शपथेनं न्हाई. म्हाईत असतं तर तू येवढी नाचली नसतीस. इतकं खोटं नाचायला येत न्हाई तुला.

शेठनं सकाळी मला बाजूला घेऊन सांगितलं तव्हा मी हो म्हणले. पण ट्रॅकवर गेल्यावर हात काही वळंना. वाटलं, गपचूप हळू झाले तर लोक म्हणतील सत्यशीला दमली. मी दमले नव्हते. म्हणून रेषेपशी गाडी उभी केली, पाय खाली टेकला. म्हणलं बघा सगळ्यांनी, मी हरले न्हाई, मला थांबवलंय. अन तू आपली हात वर करून नाचून राह्यली. तव्हा वाटलं, ही पण त्यांच्यातलीच.

आबा रोज इचारत होते, शर्यतीत काय झालं. मी म्हणले दुसरी आले. ते म्हणले, मंग पेढे का न्हाई आणले? आता त्यांना काय सांगू?

चाचणीला येते. गाडी मात्र मला न्हाई, ती तुमच्या घरी हाये. आबांच्या दुकानात पंक्चर काढायला आलेल्या गाड्या हायेत, त्यातली एखादी घेऊन आले तर गिऱ्हाईक वरडंल.

आन एक. मी पडले, बंद पडले, काय बी झालं तरी तू थांबायचं न्हाई. थांबलीस तर ह्या जल्मी बोलणार न्हाई.

सत्यशीला

ब्लॉक काढलाय. पण फोन करू नको, रडशील.


जालना
३० जानेवारी २०२५

सत्ये,

(बघ, पुन्हा सत्ये झालीस.)

फोन करत नाही. रडून झालंय. दादीला तुझं पत्र वाचून दाखवलं तर म्हणाली, "आबांना खरं सांगायला सांग तिला. बाप आहे, पंक्चर कुठं आहे ते त्याला आवाजावरून कळतं."

गाडीचं सांगते. तुझं पत्र यायच्या आधीच मी पापांना विचारलं होतं, दोन्ही गाड्या चाचणीला नेऊ का? पापा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बोलले नाहीत म्हणजे दादीमार्फत बोलले. "आई, तिला सांग मीठ इकडे दे." "आई, तिला सांग तिचा फोन वाजतोय." दादी एकदा वैतागली आणि म्हणाली, "मी काय पोस्टमन आहे का?"

काल ते आपणहून माझ्या खोलीत आले. पलंगावर तुझ्या बाजूला, खिडकीकडे बसले. म्हणाले, "माझ्या डोक्यात काय होतं सांगू? तुझा फोटो पाइपांच्या पोस्टरवर टाकायचा. पन्नालालची लेक जिल्ह्यात पहिली. लोक दुकानात येऊन विचारतील, शेठ, हीच का ती? एवढंच होतं. सत्यशीलाचं मी मनात धरलंच नाही. वाटलं, तिला काय, पुढच्या वेळी जिंकेल."

मी विचारलं, "गाड्या?"

"ने दोन्ही. पेट्रोल मी भरतो."

मग दारात थांबून म्हणाले, "पण चंचल, ती तुझ्यापेक्षा फास्ट आहे." मी म्हटलं, "माहीत आहे पापा. पण किती, ते मला बघायचंय."

सर्जेराव सरांनी दिवस दिलाय, सोळा फेब्रुवारी, रविवार. आणि मी त्यांना एक गोष्ट सुचवलीय, ती त्यांनी मान्य केली. कोणी कुठल्या गाडीवर बसायचं ते आधी ठरवायचं नाही. सुरुवातीच्या रेषेवर सर दोन्ही चाव्या टोपीत टाकतील, जिच्या हाताला जी लागेल ती गाडी तिची. लाल गाडी तुझी लाडकी आहे मला माहीत आहे, पण इलाज नाही.

ये. कढी तयार आहे.

चंचल


जालना
१० मार्च २०२५

सत्ये,

शिबिरात फोन काढून घेतात हे ऐकून मला इतका आनंद झाला! आता तुला माझी पत्रं वाचावीच लागतील.

चाचणीच्या दिवशी तू पुढे बघत होतीस, म्हणून तुझ्या पाठीमागे काय काय झालं ते तुला माहीत नाही. ते सांगते. नंतर सांगायला वेळच कुठे मिळाला, आधी तुला सगळ्यांनी उचलून धरलं होतं, मग तू शिबिराच्या तयारीत.

पहिली गोष्ट चाव्यांची. टोपीत मी हात घातला, लाल गाडीची चावी निघाली. तू लांब आबांजवळ हेल्मेटचा पट्टा आवळत होतीस, गाड्या का उघडल्या ते तुला कोणी सांगितलंच नाही. तेवढ्यात भागवत काका पांढरेफटक पडून पळत आले. "शेठ, एक मिनिट! लाल गाडी एक मिनिट बाजूला घेतो!"

पापा म्हणाले, "का?"

"न्हाई, काही न्हाई... एअर फिल्टर जरा..."

"भागवत, काय केलंस?"

काका मान खाली घालून म्हणाले, "शेठ, थोडीशी चिंधी कोंबली होती. मला वाटलं लाल गाडीवर सत्यशीलाच बसणार. आपली चंचल पुढे यावी म्हणून... तुम्हाला बरं वाटंल म्हणून."

सत्ये, त्या चिंधीने गाडीचा दम निम्मा झाला असता आणि त्यावर मीच बसले असते! मला हसू आवरेना. पापांना मात्र नाही आलं. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "मी सांगितलं नव्हतं, चंचल." मी विश्वास ठेवला. तू ठेवशील की नाही ते तुझं तू ठरव. मग ते काकांना म्हणाले, "काढ ती. सर्जेराव सरांना दाखव, दुसरी गाडी पण त्यांच्यासमोर उघड. आणि शर्यत संपेपर्यंत दोन्ही हात खिशात ठेवायचे." काका खरंच शेवटपर्यंत खिशात हात घालून उभे होते. नाकावर माशी बसली तरी काढले नाहीत.

दुसरी गोष्ट तू पडलीस त्याची.

टँकरने वळणावर पाणी जरा जास्तच मारलं होतं. तू पुढे होतीस. तुझं मागचं चाक गेलं, तू घसरत कडेच्या मातीत गेलीस आणि गाडी तुझ्यावर आडवी. मी अगदी मागे. लोक ओरडायला लागले, "थांब! थांब!" खरं सांगते, माझा हात आपोआप सैल झाला. तुझं पत्र आठवलं नाही मला त्या वेळी, काहीच आठवलं नाही. फक्त वाटलं, हिला लागलं. गाडी हळू झाली होती, अजून एक श्वास गेला असता तर मी उभीच राहिले असते. तेवढ्यात तू मातीतून हात वर केलास आणि ओरडलीस. हेल्मेटमधून नीट ऐकू आलं नाही, पण तो आशीर्वाद नव्हता एवढं कळलं.

मी मूठ पूर्ण पिळली आणि गेले.

लोकांनी मला काय काय म्हटलं असेल! एक बाई तर म्हणे बोलली, "शेठची पोरगी, दगडाची." दादी तिथेच खुर्चीवर बसली होती. ती त्या बाईला म्हणाली, "दगडाची नाही, आता कुठं नीट चाललीय." तुझे आबा, कडूबा काका, तुझ्याकडेच बघत होते. तू उठलीस, गाडी उभी केलीस, तेव्हा फक्त म्हणाले, "हां."

पुढे मी एकटी होते. पहिल्यांदा एकटी, पुढे कोणी नाही. आणि मागून तुझा आवाज येऊन राहिला, प्रत्येक फेरीला जरा जवळ. मी अशी गाडी कधी चालवली नव्हती. दात इतके आवळले की दुसऱ्या दिवशी पापडसुद्धा चावता आला नाही. शेवटच्या वळणावर मी घाबरून जरा बाहेरून घेतलं, आणि तू आतून आलीस. चिखलाने भरलेली, आरसा मोडलेला एखादा ट्रक यावा तशी. आपण दोघी बरोबरीने रेषेकडे गेलो, आणि तुझं चाक पुढे होतं. मी बघत होते. माझ्या डोळ्यांदेखत तू मला हरवलंस.

तेव्हा टाळ्या ऐकू आल्या. हेल्मेट असून ऐकू आल्या. अर्ध्या तुझ्या होत्या, पण अर्ध्या माझ्या होत्या, सत्ये. मला माझ्या टाळ्या ओळखू आल्या.

पापांनी दोन हार आणले होते, एक मोठा, एक लहान. कोणाला कुठला ते आधी ठरवलं नव्हतं, दुकानदारच ते. मोठा तुझ्या गळ्यात घालताना तुला काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. मी विचारलं तर म्हणतात, "ते माझं आणि तिचं." बरं बाबा.

आता खरी बातमी. पापांनी तुला टीममध्ये परत बोलवायचं ठरवलंय, लाल गाडी कायमची तुझी. ते तुला स्वतः सांगणार आहेत, तू ऐकून आश्चर्य वाटल्यासारखं कर. पण मी त्यांच्या टीममध्ये नाही. मी राजीनामा दिला. पापा म्हणाले, "म्हणजे? घर सोडून चाललीस?" म्हटलं, "घर नाही, टीम. एका टीममध्ये दोघी असल्या की आज ना उद्या कोणाला तरी पाटी दाखवायची इच्छा होणार. दोन वेगळ्या टीम असल्या की कोण कोणाला थांबवेल?" पापा म्हणाले, "मग गाडी?" म्हटलं, "माझी जुनी निळी मला द्या." दिली.

मग मी निळी गाडी घेऊन वडीगोद्रीला गेले. कडूबा काका ट्रकच्या टायरवर बसून ट्यूब पाण्यात बुडवून बघत होते. मी म्हटलं, "काका, मला तुमच्या दुकानाच्या नावाने शर्यतीत उतरायचंय."

त्यांनी ट्यूबवरून मान वर केली. "माझ्या? पोरी, माझ्या दुकानाच्या बोर्डावरचं नाव पावसानं धुऊन गेलंय, गिऱ्हाईक टायर बघून थांबतं."

"मग गाडीवर तरी नवीन लिहू."

त्यांनी ट्यूब खाली ठेवली, हात पुसले. टाकीवर रंगाने स्वतः लिहिलं, "कडूबा टायर्स, वडीगोद्री". अक्षर वाकडं आलंय, पण लांबून वाचता येतं. मग गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "हे बघ, सत्यशीला आतून येती. तिला लहानपणापासून मीच शिकवलंय, तिची खोड मला म्हाईत हाये. आतली जागा तू बंद कर, मंग तिला बाहेरून यावं लागंल, आन बाहेरून ती घाबरती."

रोज संध्याकाळी कॉलेज सुटलं की मी वडीगोद्रीला जाते. सत्ये, तू तिथे नाशिकला मोठमोठ्या लोकांकडून शीक. इकडे तुला कसं हरवायचं ते तुझा बाप मला शिकवून राहिलाय.

तुझी,
चंचल